वाघाटीचा वाटा

चांगुणाबाईंची आणि माझी ओळख कोंबडीच्या मुंडक्यावरून झाली.

एकाहत्तर साली आम्ही भंडारदऱ्याला बदलून आलो. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. धरणाच्या खालच्या अंगाला सरकारी चाळीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. सामान पुरतं सुटलंही नव्हतं, तोच नगरहून यांचे साहेब तपासणीला आले. शिपायानं भिंतीपलीकडच्या वाडीतून कोंबडी आणली, कापून साफ करून दिली आणि मी मसाला वाटायला बसले. इतक्यात मागच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. काटक बांधा, गुडघ्याशी नेसलेलं लुगडं, कपाळ कोरं, हातात पळसाचं पान.

"बाई, मुंडकं आन् पाय द्या. आतडी टाकली नसंल तर तीबी द्या."

मला वाटलं, भुकेली असेल. म्हटलं, "मुंडकं कशाला? थांबा जरा, रस्सा झाला की भाकरीबरोबर देते."

ती तोंडाला पदर लावून हसली. "मला न्हाई वो. ज्याला द्यायचं त्याला रस्सा चालत न्हाई. तिखाट सोसत न्हाई त्याला."

"कुणाला?"

"वाघोबाला. कोंबडं आमच्या वाडीचं, मंग वाटाबी वाडीचाच की."

मी निमूटपणे सगळं पानात घालून दिलं. माझं माहेर केडगावचं. उघडा माळ, बाभळी आणि पुण्याच्या रस्त्यावरची वर्दळ एवढंच मला ठाऊक. देवाला नारळ फोडतात, कोंबडं देतात हे माहीत होतं, पण देवाच्या वतीनं घरोघर मुंडकं मागत फिरणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

वाडी महादेव कोळ्यांची. वाडीच्या वर डोंगराच्या कुशीत एक राई आहे. तिच्या तोंडाशी शेंदूर फासलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. वाडीत पाहुण्याला, सणाला, नवसाला कोंबडं कापलं की त्याचं मुंडकं, पाय आणि आतडी चांगुणाबाईंच्या दारात पोचायची. त्या ती पळसाच्या पानावर घेऊन जायच्या, वाघोबामागच्या सपाट खडकावर ठेवायच्या आणि मागे न बघता परत यायच्या. एकदा ठेवलेला वाटा कुणी उचलायचा नाही, ठेवणाऱ्यानंही नाही. हा मान त्यांच्या घराचा, कारण त्यांच्या सासऱ्याच्या आज्याला वाघानं नेलं होतं. ज्या घरातलं माणूस नेलं, त्या घरानं वाघाला जेवू घालायचं.

"हा तर उलटाच न्याय झाला," मी एकदा म्हटलं.

"उलटा कसा? त्याच्या घरात आमचं मानूस गेलं. मंग त्यो आमचा सोयराच की. सोयऱ्याला उपाशी ठिवत्यात व्हय?"

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर इतका साधा व्यवहार असायचा की हसावं की नाही ते कळत नसे.

नवरा, आसाराम, हिरडा तोडताना झाडावरून पडून गेलेला. एकुलती मुलगी पुष्पावती राजूरकडे दिलेली. चांगुणाबाई एकट्याच राहायच्या. खालच्या अंगाला खाचराचा तुकडा होता, त्यात भात. वर उतारावर नागली. अंडी, मध, करवंदं घेऊन त्या आठवड्याच्या आठवड्याला माझ्याकडे यायच्या, आणि विकून झालं तरी उठायच्या नाहीत. मला तेच हवं असायचं. एकदा बोलता बोलता म्हणाल्या,

"बाई, इधवेच्या दारात कोन येतं? लग्नात बोलवत न्हाईत, बारशाला बोलवत न्हाईत. पर कोंबडं कापलं की पोर पाठिवत्यात. ती पोर दारात बसती, पानी पिती, आई काय म्हनाली, बा काय म्हनाला ते सांगती. मला घरबसल्या सारी वाडी कळती. मला ह्यो मान मिळाला म्हून माजं घर. न्हाईतर त्याला घर कोन म्हनंल?"

मी तेव्हा ऐकून घेतलं. त्या वाक्याचं वजन पुढे कळलं.

"पण चांगुणाबाई," मी विचारलं, "वाघ तर इथला कधीच संपला म्हणतात. मग तो वाटा खातं कोण?"

"चला दावते."

"मागे बघायचं नाही म्हणता ना?"

"मागं बगायचं न्हाई. वरून बगायला कोन नको म्हनतंय?"

त्यांनी खडकावर वाटा ठेवला आणि मला राईच्या वरच्या अंगाला एका दरडीवर नेऊन बसवलं. बाहेरचा डोंगर कोळशाच्या भट्ट्यांनी बोडका झालेला. राईत मात्र आंबा, जांभूळ, हिरडा यांची खोडं माणसाच्या कवेत न मावणारी, आणि त्यांना माझ्या मनगटाएवढ्या वेलींचे पीळ. इथं कुऱ्हाड नाही, कोयता नाही, वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही, आत शिरताना पायताण काढायचं. ऊन डोंगरामागं गेलं आणि खडकाजवळचं गवत हललं.

मी आधी म्हटलं, मांजर. आकार तेवढाच, पण पाय लांब, डोकं लहान. पिवळसर अंगावर काळे ठिपके, कपाळावरून मागे गेलेल्या पांढऱ्या रेघा, आणि चालणं असं की मांजराला ते साधणार नाही. आली, इकडेतिकडे पाहिलं, पण घाबरल्यासारखं नाही. आपल्या घरी यावं तशी. मुंडकं उचललं आणि जांभळाच्या ढोलीकडे गेली. ढोलीतून एक बारकं तोंड बाहेर आलं.

"वाघाटी," चांगुणाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "वाघ गेला, ही मागं ऱ्हायली. वारस म्हना. वरसभर खाचरातली उंदरं खाती. ही हाय म्हून भात घरात येतो. कोंबडं आपलं तोंड बदलायला."

त्या दरडीवर मी नंतरही गेले. कधी ती आली, कधी नाही आली. एक म्हातारा बोका होता, कान फाटलेला. चांगुणाबाई त्याला सासरा म्हणायच्या.

मग बहात्तर उजाडलं. जिथं पावसानं कपडे वाळत नाहीत, त्या भंडारदऱ्यालाही पाऊस निम्म्यावर आला. खाचरातल्या लोंब्या पोचट निघाल्या. वाडीची माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागली. त्याच सुमारास धरणाच्या रस्त्यावर एक जीपवाला यायला लागला. कुणी म्हणायचं संगमनेरचा, कुणी म्हणायचं नाशिकचा. आधी हिरडा आणि डिंक विचारायचा. मग हळूच विचारायला लागला, ठिपक्यांचं कातडं आहे का? बिबट्याचं नको, त्याला बोभाटा फार. लहान मांजराचं चालेल. परदेशात त्यांचे कोट शिवतात म्हणे, एका कोटाला टोपलीभर कातडी लागतात.

हे मी पेपरात वाचून चांगुणाबाईंना सांगितलं, तेव्हा त्या अंडी मोजायच्या थांबल्या. "तितं इतकी थंडी पडती?"

"थंडीसाठी नाही. मिरवायला."

"मंग गोधडी मिरवावी," असं म्हणून त्या पुन्हा अंडी मोजू लागल्या.

पुढच्या खेपेला त्या आल्या त्या अंडी न घेताच. पळसाचं पान माझ्यापुढे उलगडलं. आत सायकलच्या ब्रेकची तार, फासासारखी वळलेली. तिला पिवळे केस चिकटलेले.

"खडकाच्या मागं, तिच्या वाटंवर लावल्याली. करवंदीच्या जाळीत धड टाकलंय. सोललं की बाई, लहान लेकरावानी दिसतं."

"कुणी केलं?"

त्यांनी पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "भावजींच्या सायकलला बिरेक न्हाई आता."

मच्छिंद्र त्यांचा धाकटा दीर. वाईट माणूस नव्हे. बायको छबूबाई आणि घरभर पोरं. मी त्याला पाहिलं होतं, खडीच्या कामावर हाताच्या सालपटांवर हळद लावून बसलेला. आता त्याच्या घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीऐवजी तांदूळ शिजत होता आणि छबूबाईच्या अंगावर नवं लुगडं होतं. चांगुणाबाई रोज सकाळी राईत जाऊन तारा उपटायच्या. तो दुसऱ्या लावायचा. दोघंही वाडीत एकमेकांशी नीट बोलायचे.

एक गोष्ट मात्र चांगुणाबाईंना झोपू देत नव्हती. रानात वाघाटी दिसणं मुश्कील. मच्छिंद्र ती हुडकत फिरत नव्हताच. तिनं कुठं यायचं, कधी यायचं आणि न भिता यायचं, हे चांगुणाबाईंनीच तिला शिकवलं होतं. कुणाकडे कोंबडं कापलं जायचं, कुणाची तरी पोर पान घेऊन यायची, चांगुणाबाई ते खडकावर ठेवून यायच्या, आणि वाट तयार.

वाघबारस आली. वसुबारसेला खाली देशावर गाई पुजतात, त्याच दिवशी हे लोक वाघोबा पुजतात. सगळी वाडी राईच्या तोंडाशी जमते, तांदळाची खीर शिजते, कोंबडं कापतात. मला चांगुणाबाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. त्या वर्षी खिरीत तांदूळ दिसत नव्हता, पाणीच फार. कोंबडं कापून झालं तरी चांगुणाबाई हात बांधून उभ्या.

वाडीचे म्हातारे पुंजाराम म्हणाले, "चांगुणे, पान कुटंय?"

"पान न्हाई. फासक्या निघंपत्तुर वाटा न्हाई."

"कसल्या फासक्या?"

चांगुणाबाईंनी कमरेला खोचलेली तारांची गुंडाळी काढून त्यांच्या पायाशी टाकली. "भावजीस्नी इचारा."

मच्छिंद्र लाजला नाही, चिडलाही नाही. हसून म्हणाला, "वयनी, मी काय वाघ मारला का? मांजार हाय ते. मांजराचा देव झाल्याला कदी आयकला न्हाई."

"ते बी खरं," पुंजाराम म्हणाले. "दगडावर वाघ कोरलाय. मांजार न्हाई."

"मंग वाघ दावा ना! तुमच्या बानं तरी बगितला हुता का? इतकी वरसं मी ठिवलेलं कोन खातंय, दगूड?" कुणीतरी फिसकन हसलं. "हसू नगा. तुमी नवस बोलला, पोरं झाली, दुखनी गेली. त्यो वाटा कुनाच्या पोटात गेला? तवा ती वाघोबाची हुती, आन् आता मांजार झाली व्हय?"

 मग बायकांतून छबूबाई पुढं आली. "जाऊबाई, तुमाला बोलाय काय? एकटा जीव. मूठभर वऱ्यावर भागतंय. माज्या पोरास्नी मी काय घालू, वाघोबाचा दगूड?"

"छबू, तुजी पोरं माजीबी हायत. खेकडं धरा, ससं धरा, डोंगरात कुटंबी फास लावा, मी बोलनार न्हाई. पर ह्या खडकावर न्हाई. मी पान वाढायचं, तिनं इस्वासानं यायचं, आन् तुज्या नवऱ्यानं गळा आवळायचा? मंग वाटा कसला त्यो? गळाला लावल्यालं गांडूळ झालं. मी न्हाई ठिवनार."

त्यांच्या चेहऱ्यावर एक खात्री होती. मला त्या खात्रीचा अर्थ समजत होता. वाटा त्यांनीच ठेवायचा, दुसऱ्या कुणी ठेवला तर तो पोचत नाही. त्यांनी हात आखडला की वाडीला यावंच लागणार होतं. तारा निघणार होत्या.

पुंजाराम अस्वस्थ झाले. वाघबारशीचा वाटा चुकला तर वर्षभर ढोरांना भय. त्यांनी दगडाकडे पाहिलं, चांगुणाबाईंकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

मच्छिंद्र शांतपणे म्हणाला, "मान वयनीचा न्हाई, घराचा हाय. ज्याला वाघानं नेला, त्यो माज्याबी बाचा आजा हुता. आन, पान मी ठिवतो."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खरंच की, घर तर एकच! इतकी सोपी गोष्ट कुणाला कशी सुचली नाही, अशा सुरात बायका बोलू लागल्या. मच्छिंद्रनं पान उचललं, खडकावर ठेवलं आणि रीतीप्रमाणे मागे न बघता परत आला. खीर वाटली. चांगुणाबाईंच्या हातातही कुणीतरी द्रोण दिला. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि त्या उतरून गेल्या.

नवऱ्याच्या पश्चात मान भावाकडे जातो, ही रीत त्यांनाही ठाऊक होती. पण इतकी वर्षं स्वतःच्या हातानं केलेलं काम आपल्या हाताचंच आहे, असं माणसाला वाटू लागतं. वाडीनं एका संध्याकाळी दाखवून दिलं की तसं नसतं.

त्यानंतर पान घेऊन येणाऱ्या पोरी चांगुणाबाईंच्या दारावरून पुढं मच्छिंद्रच्या दारात जायच्या. कुणी मुद्दाम तोडलं नव्हतं. भांडण नाही, शिवी नाही. यायचं कारणच उरलं नाही, एवढंच. पुढं पुंजारामांचं वासरू बिबट्यानं नेलं, तेव्हा मात्र बायका पाणवठ्यावर म्हणाल्या, वाघबारशीला पान अडवलं होतं ना, त्याचं हे. चांगुणाबाई माझ्याकडे आल्या की पूर्वी वाडी सांगायच्या. आता त्याच मला विचारू लागल्या, "शिपाई काय म्हनतो? पुंजारामाच्या सुनंला काय झालं वो?"

त्र्याहत्तरच्या पावसाच्या तोंडी वन्यप्राण्यांचा नवा कायदा लागू झाला. पेपरात आलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. वाघाटी मारायची बंदी, कातडं विकायची बंदी, तुरुंग. त्यांनी पेपर हातात घेऊन उलटासुलटा बघितला. मग म्हणाल्या, "तुरुंग नको. सायबास्नी सांगा, कुनीतरी येऊन तारा तेवड्या काढून न्याव्यात. सरकारनं काडल्या तर परत लावनार न्हाईत."

यांनी जंगलखात्यात शब्द टाकला. एक गार्ड यायला तयार झाला, आणि हे त्याच्याबरोबर वाडीत गेले. परत आले ते ओले कपडेही न बदलता ओट्यावर बसून राहिले. मी विचारलं तेव्हा सांगितलं.

सरकारी माणूस आलेला, त्याला उपाशी कसं पाठवायचं? पुंजारामांनी कोंबडं कापायला लावलं. ते शिजेपर्यंत गार्डनं कागद वाचून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यानं चांगुणाबाईंना पुढं बोलावलं. "बोला बाई, कोण मारतंय? नाव सांगा."

"नाव कशाला? तारा दावते, त्या काडा."

"तारेवर गुन्हा लागत नाही. माणसावर लागतो. नाव सांगा, आत्ता उचलतो."

मच्छिंद्र समोरच बसला होता, धाकटी पोर मांडीवर घेऊन. छबूबाई चुलीपाशी थांबली होती, हातात पळी तशीच. चांगुणाबाईंनी दोघांकडे पाहिलं म्हणे, आणि मान हलवली. "मला ठाव न्हाई."

"नाव नाही, तर गुन्हा नाही," गार्डनं वही मिटली. "मग उगाच एवढ्या पावसात मला कशाला चढवलंत?"

सगळे हसले. पानं मांडली. जेवणं चालू असतानाच छबूबाई त्याच कोंबड्याचं मुंडकं आणि पाय पळसाच्या पानात घेऊन अंगणातून राईकडे गेली. गार्डनं विचारलं, ही काय चालली? पुंजाराम म्हणाले, वाघोबाला. गार्डनं बसल्या जागी हात जोडले.

"तुम्ही का नाही सांगितलंत मग?" मी यांना विचारलं. हे म्हणाले, "मी काय पाहिलं होतं? आणि तिनंच नाही म्हटल्यावर?" 

दिवाळी झाल्यावर मी चांगुणाबाईंसाठी फराळ घेऊन वाडीत गेले. त्या बरेच दिवस आल्या नव्हत्या. घराला कडी होती. छबूबाई अंगणात भांडी घासत होती. मला पाहून हात धुऊन पुढं आली.

"राईत असत्याल. रोज सांजंला जात्यात. डोस्कं फिरलंय त्यांचं." मग आवाज उतरवून म्हणाली, "बाई, तुमचं आयकत्यात त्या. त्यास्नी सांगा, देवाच्या दारी असं करू नये. वाडी किती दिस सोसंल?"

काय करतात ते तिनं सांगितलं नाही. मी चपला काढून राईत शिरले.

चांगुणाबाई खडकापासून काही हातांवर जमिनीवर बसल्या होत्या. शेजारी दगडांचा ढीग. खडकावर पळसाचं ताजं पान, मच्छिंद्रच्या घरचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटानं गप्प बसायची खूण केली. मी त्यांच्या मागे टेकले. ढोलीकडचं गवत हललं. वाघाटी आली. तरुण होती, बहुतेक आम्ही पाहिलेलं पिल्लूच वाढलेलं. थांबून तिनं चांगुणाबाईंकडे ओळखीनं पाहिलं आणि सरळ खडकाकडे निघाली.

चांगुणाबाईंनी दगड उचलून फेकला. तो तिच्या पुढ्यात पडला. ती दचकली, दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा उभी राहून बघत राहिली. दुसरा दगड तिच्या मांडीवर बसला. तिच्या तोंडून निघालेला आवाज मी याआधी कुठल्या जनावराचा ऐकला नव्हता. लंगडत ती जाळीत घुसली.

"चांगुणाबाई! लागलं तिला."

"लागू दे. लागल्याबिगर शिकनार न्हाई." त्या जाळीकडे बघत होत्या. "सासरा बोका गेला. हिची आई गेली. ही येकटीच ऱ्हायली. बाई, मानसाजवळ येऊ नको म्हून हिला कोन सांगनार? मीच बोलावली, मीच हाकलनार."

"ते पानच उचलून टाकलं तर?"

त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. देवाला दिलेलं परत घ्यायचं नसतं. दीर, जाऊ, वाडी, सगळं सुटलं होतं. हे एवढं त्यांच्या हातून सुटणार नव्हतं.

फराळाचा डबा मी त्यांच्याजवळ ठेवला. त्यांनी तो बघितलाही नाही. उजेड कमी होत चालला होता. जाळीच्या दुसऱ्या बाजूनं, खालून, पुन्हा गवत हललं. लंगडत का होईना, वाघाटी पानाकडे येत होती. चांगुणाबाईंनी ढिगातून आधीपेक्षा मोठा दगड निवडला.